आधी त्यांना विचारू या

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत समुपदेशन गटाच्या वतीने झालेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त केलं आहे.)

मंडळाचे अध्यक्ष, ज्येष्ठ सभासद, काका-काकू, आजी-आजोबा आणि खुर्च्या मांडून झाल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

आमचा गट लहान आहे. दोन समुपदेशक, एक बालरोगतज्ज्ञ, दोन निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजात शिकणारी चार मुलं. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही ग्रंथालयामागच्या खोलीत बसतो. ज्या मुलांच्या मनावर मोठा घाव बसला आहे, अशी मुलं आणि त्यांच्या घरची माणसं तिथे येतात. अशा मुलांची काळजी घेताना घरच्यांना आणि खुद्द त्या मुलांना बरोबरीनं कसं घ्यायचं, हा आजचा विषय. उत्सवात असा जड विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर ते स्वाभाविक आहे. पण आपल्या भागाचा एक मोठा घाव उत्सवाच्याच रात्रीचा आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. लातूर-उस्मानाबाद भागात विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, यांच्याखाली ८ ते १० हजार माणसं गेली. धक्का हैदराबादेतही जाणवला. मराठवाडा आणि हैदराबाद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची मुळं लातूर, उदगीर, उमरगा, नांदेड, बीदर या पट्ट्यातली. त्या सकाळी ट्रंक कॉल लावत बसलेले लोक आज या सभागृहात आहेत.

त्यानंतर मदत भरपूर आली. पूर्ण कोसळलेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या मालकीनुसार दिली गेली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रस्ते रुंद, ओळी सरळ. पण जुन्या गावात गल्ली होती, भावकी होती, समोरच्या ओट्यावरची म्हातारी होती. अनेक ठिकाणी नव्या वसाहतीत घराच्या आकारानुसार ओळी लागल्या आणि शेजार तुटला. ज्यांनी घरातली माणसं गमावली होती, त्यांना शेजारही गमवावा लागला. घर मजबूत होतं, पण ते कुठे आणि कुणाशेजारी हवं, हे राहणाऱ्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग होता, उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीचा. तिथे निराळी पद्धत वापरली गेली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, भिंतीला बळकटी कशी द्यायची, हे त्या घरोघरी जाऊन सांगत आणि घरातल्यांचं म्हणणं अभियंत्यांपर्यंत नेत. कालपर्यंत जी बाई केवळ ‘आपद्ग्रस्त’ होती, ती कामात भागीदार झाली. भिंतीच्या कामाबरोबर तिच्या मनालाही आधार मिळाला, असं आम्हाला वाटतं. याच भागात मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावर प्रकल्प चालवला. आपल्याकडे आपत्तीनंतरच्या मनाच्या जखमेकडे गांभीर्यानं पाहायला जी सुरुवात झाली, तिच्यात भोपाळनंतर किल्लारीचं नाव घ्यावं लागतं.

आमचा मुद्दा याच फरकात आहे. संकट माणसाला न विचारता येतं. भूकंप, अपघात, अकाली मृत्यू, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, यांपैकी काहीही असो. त्या क्षणी माणसाच्या हातात काही उरत नाही. मग मदतही न विचारता आली, तर हातात काही नसल्याचा तोच अनुभव पुन्हा येतो. म्हणून विचारणं ही नुसती सभ्यता नाही. तो उपचाराचाच भाग आहे.

याला इंग्रजीत ‘ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात. आम्ही साधं ‘आघाताचं भान’ म्हणतो. १९९८ साली अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी सोसलेले घाव आणि मोठेपणी होणारे हृदयविकार, व्यसनं, नैराश्य यांचा जवळचा संबंध त्यात दिसला. पुढे २०१४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं या काळजीची सूत्रं मांडली: सुरक्षितता, विश्वास, समदुःखींचा आधार, मिळून काम करणं, निवडीचा हक्क, आणि त्या माणसाच्या संस्कृतीची जाण. सूत्रं परदेशी असली तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पहिल्यांदा बदलतो तो प्रश्न. ‘या मुलाला झालंय तरी काय, असा का वागतो?’ याऐवजी ‘याच्यावर काय गुजरलं असेल?’ असं विचारायचं.

घाव बसलेल्या मुलाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजत राहते. प्रसंग संपतो, तरी ती थांबत नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, आईचा पदर सोडत नाही, एकच खेळ शंभरदा खेळतं. शाळकरी मुलाचं रोज सकाळी पोट दुखतं. मोठी मुलं चिडतात, गप्प होतात, रात्री जागतात, गाडी वेडीवाकडी पळवतात. आपण त्यांना हट्टी, आळशी, मोबाइलनं बिघडलेली म्हणतो. कधी तसं असेलही. पण वागण्यात अचानक बदल झाला असेल, तर शिक्का मारण्याआधी थोडं थांबावं.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एका मुलाचे वडील गेले. तो तेव्हा आठवीत होता. वर्षभरानं त्याचे मार्क घसरले, वर्गात झोपायला लागला. काका म्हणाले, रात्रभर फोन बघतो. आई म्हणाली, माझ्याशी बोलतच नाही. शाळेनं वात्रट ठरवलं होतं. आम्ही घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवलं, आजीलाही. आजी आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, “तो रोज तीनला उठतो. दवाखान्यातून फोन तीनलाच आला होता ना.”

हे ना आम्हाला ठाऊक होतं, ना शाळेला, ना त्याच्या आईला. आजी त्याच खोलीत झोपत, म्हणून त्यांना माहीत होतं. घरचे म्हणजे फक्त सूचना घेऊन जाणारी माणसं नव्हेत, हे आम्ही यासाठी सांगतो. डॉक्टरकडे मनाची माहिती असते, पण या मुलाची माहिती घराकडे असते. मूल काय खाल्ल्यावर शांत होतं, कुठल्या नातेवाइकाला बघून आत पळतं, कुठली तारीख जवळ आली की त्याला ताप येतो, हे घरालाच कळतं.

त्याच बैठकीत मुलानं पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली. घरच्यांनी वडिलांची स्कूटर विकायला काढली होती. हेतू चांगला होता. ती बघून त्याला त्रास होऊ नये. तो म्हणाला, “मला कुणी विचारलं का?” खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. काकांनी तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन करून नाही सांगितलं. पुढचे सहा महिने आजीनं तीन वाजता त्याच्याबरोबर उठायचं, दूध गरम करायचं, काही विचारायचं नाही, असं ठरलं. हा उपाय आमचा नव्हे, आजीचा. सोबत आमच्या समुपदेशकांच्या नियमित भेटी चालू होत्याच. आज तो कॉलेजात आहे. स्कूटर दुरुस्त करून तीच चालवतो.

घरच्यांना सोबत घेताना तीन गोष्टी आम्ही पाळतो. पहिली, घर म्हणजे फक्त आईवडील नव्हेत. मुलाला विचारायचं, तुझं माणूस कोण? ती मावशी असेल, वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटी असतील, क्रिकेटचे सर असतील. दुसरी, घरचेही त्याच घावाचे धनी असतात. नवरा गेलेल्या बाईला ‘मुलाकडे लक्ष द्या’ एवढंच सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचा सल्ला देणं. आधी तिला कोण धरणार, हे बघायचं. तिसरी गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घाव घालणारा माणूस घरातलाच असेल, तर तो या भागीदारीत बसत नाही. ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ म्हणणारी बैठक मुलासाठी दुसरा घाव असते.

इथे कायदाही आपण समजून घेतला पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन आम्ही कुठल्याही मुलाला देत नाही. ते पाळता येत नाही आणि तुटलं की विश्वासही तुटतो. पण याच कायद्यात मुलाला विचारण्याच्या कितीतरी जागा आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा. अधिकारी शक्यतो महिला असावी आणि गणवेशात नसावी. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असेल अशी व्यक्ती जवळ असावी. न्यायालयात आरोपी मुलासमोर येऊ नये, मुलाला पुन्हा पुन्हा बोलावू नये, मध्ये विश्रांती द्यावी. नियमांमध्ये मुलाला खटला संपेपर्यंत साथ देणाऱ्या ‘सपोर्ट पर्सन’ची तरतूद आहे. आपल्या शहरात २०१६ पासून पोलिसांचं ‘भरोसा’ केंद्र आहे. तिथे वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि जबाब एका छताखाली होतात. पुढे तिथे बालस्नेही न्यायालयही सुरू झालं. या सोयी आहेत हे पालकांना माहीत नसतं, आणि माहीत नसलेला हक्क कुणी मागत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीही उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही ती लागू आहे.

एका तेरा वर्षांच्या मुलीनं आमच्याकडे एकच अट घातली होती. “आईला सांगा, पण सांगताना मी खोलीत नसेन.” सांगायचं की नाही, ही निवड तिला देता येत नव्हती. कसं सांगायचं, ही देता येत होती. ती बाहेर ग्रंथालयात बसली. आमच्यातल्या एका शिक्षिकाबाई तिच्याशेजारी नुसत्या बसून राहिल्या. आतून आई बाहेर आली ती थेट तिच्याकडे गेली. पुढचं सगळं, पोलीस, डॉक्टर, न्यायालय, त्या दोघींनी मिळून निभावलं.

आता तरुणांबद्दल. आमच्या गटातली चार मुलं चहा द्यायला ठेवलेली नाहीत. त्यांतली दोघं एके काळी स्वतःसाठी या खोलीत आली होती. पहिल्या भेटीत मुलांना द्यायचा कागद या चौघांनी लिहिला. त्यात आरंभीच सांगितलं आहे की तू सांगितलेलं आम्ही आमच्यापाशी ठेवू, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्यानं सांगणं भाग असेल, तर तुला आधी सांगून मगच बाहेर बोलू. खाली विचारलंय: दार उघडं हवं की बंद? समोर बसू की शेजारी? बोलायचं की नुसतं चित्र काढायचं? आणि कुठल्या भाषेत?

हा शेवटचा प्रश्न हैदराबादच्या मराठी मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे. आपली मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मैदानावर तेलुगू आणि रस्त्यावर दखनी बोलतात. ‘छान आहे’ असं ती इंग्रजीत सांगतात, आणि रडू मात्र भलत्याच भाषेत फुटतं. एका मुलाला वडिलांबद्दल मराठीत बोलवेना, कारण मराठी ही वडिलांची भाषा होती. तो हिंदीत बोलला. ‘मंडळात येतोस तर मराठीत बोल’ असं तेव्हा म्हणायचं नसतं.

मुलाला लगेच सगळं सांगायला लावू नये, हेही इथेच सांगतो. संकट ताजं असताना पुन्हा पुन्हा वर्णन करायला लावण्यानं फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. सुरक्षित आहे का बघा, सांगेल तेवढं ऐका, पुढच्या मदतीशी जोडून द्या. मरणाची भाषा कानावर आली तर मात्र गप्प बसू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. कुणीतरी विचारलं, याचाच आधार होतो.

काही मुलांना औषधाची गरज असते. त्यांना आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो, एर्रागड्ड्याच्या सरकारी रुग्णालयातही पाठवतो. या शहरात ‘एर्रागड्डा’ हा शब्द आपण थट्टेत वापरतो. कुणी विचित्र वागलं की ‘याला एर्रागड्ड्याला न्या’. तिथे जाण्याची वेळ आलेलं घर ती थट्टा ऐकत असतं. एवढं एक वाक्य आपण सगळ्यांनी बोलायचं सोडलं, तरी काही घरांची वाट सोपी होईल.

आता मंडळाकडे काही मागणी आहे. देणगी नको, पद्धत बदलायला हवी आहे.

आपण दरवर्षी गरजू मुलांना शैक्षणिक मदत देतो. कोविडनंतर त्यात आईवडील गमावलेली मुलंही आली. ती रक्कम व्यासपीठावर बोलावून, नाव पुकारून देऊ नये. धनादेश घेतानाचा फोटो या स्मरणिकेत छापू नये. चौदा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर ‘पितृछत्र हरपलेली’ म्हणून उभं करण्यानं फी भरली जाते, पण तिची मान खाली जाते. रक्कम घरी पोहोचवावी, आणि त्याआधी विचारावं की फी हवी, शिकवणी हवी की बसचा पास. मदत समितीत एक जागा अशा एका पालकाला आणि एक जागा अठरा पूर्ण झालेल्या अशा एका मुलाला किंवा मुलीला द्यावी. मत देण्याच्या हक्कासह, नुसतं निमंत्रित म्हणून नव्हे. घटनेत दुरुस्ती लागत असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती मांडायला आम्ही तयार आहोत.

उत्सवासाठीही एक छोटी सूचना आहे. ढोल-ताशाचं पथक आपलं भूषण आहे. पण काही मुलांना अचानक मोठा आवाज सोसत नाही. मंडपामागची खोली दहा दिवस शांत ठेवावी. पाणी, सतरंजी, एखादी ओळखीची ताई किंवा दादा. पथकातल्या मुलांनीच ही जबाबदारी मागितली आहे. वादन सुरू करायच्या पाच मिनिटं आधी घोषणाही ती करणार आहेत. बारीकसारीक गोष्ट आहे, पण ‘तुझाही विचार केला आहे’ हे त्यातून कळतं.

दोन क्रमांक लिहून घ्या. मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६. दोन्ही दिवसरात्र चालू असतात. फोनमध्ये साठवा, आणि मुलांच्या फोनमध्ये त्यांना विचारून साठवा.

आमची खोली शनिवारी सहा ते आठ उघडी असते. कुणाला मदत हवी म्हणून या, कुणाला मदत करायची म्हणून या. बहुतेक माणसं एका कारणानं येतात आणि दुसऱ्या कारणासाठी थांबतात. येताना शक्य तर मुलांना बरोबर आणा, पण येतोस का, असं आधी त्यांना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!